अरवरी संसद

अरवरी संसद ही राजस्थानच्या अलवर जिल्ह्यातील अरवरी नदीच्या पाणलोट क्षेत्रातील सुमारे ७० गावांनी स्थापन केलेली लोकसंस्था आहे. २६ जानेवारी १९९९ रोजी हमीरपूर येथे ती अस्तित्वात आली. नदीचे पाणी, भूजल, जंगल व कुरणे यांच्या वापराचे नियम गावांनी एकत्र बसून ठरवावेत, हा तिचा उद्देश आहे. संसदेला कायदेशीर दर्जा नाही. तिचे निर्णय गावांच्या परस्परसंमतीने अमलात येतात.

पार्श्वभूमी

अरवरी ही अरवली पर्वतरांगेत उगम पावणारी सुमारे ४५ किमी लांबीची लहान नदी आहे. या प्रदेशात वर्षाचा बहुतेक पाऊस पावसाळ्यातील मोजक्या दिवसांत पडतो. डोंगर उघडे पडल्यानंतर हे पाणी मातीसह वाहून जाऊ लागले. पाणी अडवण्याची जुनी साधनेही देखभालीअभावी गाळाने भरली होती. १९८० च्या दशकापर्यंत नदीचे पात्र वर्षातील बहुतेक काळ कोरडे राहत असे आणि विहिरी आटत असत. शेती एका हंगामापुरती उरली व कमावते पुरुष रोजगारासाठी शहरांकडे जाऊ लागले. पाणी व सरपण दुरून आणण्याचे काम स्त्रियांवर पडले.

जलसंधारण

तरुण भारत संघ या संस्थेचे राजेंद्र सिंह १९८५ मध्ये याच भागातील गोपालपुरा येथे आले. गावातील वृद्धांच्या सल्ल्याने तेथे जोहडाचे काम सुरू झाले. जोहड म्हणजे उताराच्या खालच्या अंगाला घातलेला, साधारणतः अर्धचंद्राकृती मातीचा बांध होय. त्यात अडलेले पाणी गुरांना उपयोगी पडते आणि हळूहळू जमिनीत मुरून खालच्या भागातील विहिरींना मिळते. पाणी ओसरल्यावर ओलसर तळात रब्बीचे पीक घेता येते, तर साचलेला गाळ शेतात टाकला जातो.

अरवरीच्या उगमाजवळील भांवता-कोल्याला या गावाने अशी कामे प्रथम हाती घेतली. पुढे ती संपूर्ण पाणलोट क्षेत्रात पसरली आणि जोहड व बंधाऱ्यांची संख्या ३०० हून अधिक झाली. जागेची निवड ग्रामसभा करी. खर्चातील काही वाटा गावकरी श्रमदानाने किंवा पैशाने उचलत. १९९० च्या दशकाच्या मध्यास अरवरी बारमाही वाहू लागली.

स्थापना

नदीत पाणी टिकल्याने मासे वाढले. १९९६ मध्ये शासनाने मासेमारीचा ठेका दिला. नदी गावांच्या श्रमातून पुन्हा वाहती झाली असताना तिच्याविषयीचा निर्णय गावांना न विचारता घेतला गेला, असे म्हणत गावकऱ्यांनी विरोध केला आणि ठेका मागे घेण्यात आला. या वादामुळे नदीवरील अधिकाराचा प्रश्न पुढे आला. शिवाय एका गावाने अडवलेले किंवा उपसलेले पाणी दुसऱ्या गावाच्या विहिरीवर परिणाम करते, त्यामुळे सर्व गावांचे सामाईक व्यासपीठ आवश्यक ठरले.

नियम

संसदेत प्रत्येक गावाचे प्रतिनिधी असतात. तिने ठरवलेले प्रमुख नियम पुढीलप्रमाणे आहेत :

- ऊस व भात यांसारखी जास्त पाणी लागणारी पिके घेऊ नयेत.
- नदी व भूजल यांचा अमर्याद उपसा करू नये.
- पाण्याची विक्री करू नये.
- खाणकाम, वृक्षतोड व शिकार यांना प्रतिबंध असावा.
- बाहेरील गुरांना चराईसाठी मुक्त प्रवेश देऊ नये.

महाराष्ट्रात पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीनेही उसाला मनाई केली होती. मात्र तेथे उपसा सिंचन योजनेतील पाणी माणशी वाटून दिले जाई, तर अरवरीत संपूर्ण पाणलोट क्षेत्र हे नियमनाचे एकक आहे.

उपजीविकेवरील परिणाम

विहिरींची पातळी वाढल्याने अनेक गावांत दुसरे पीक शक्य झाले. चारा व पाणी जवळ मिळू लागल्याने पशुपालन व दुधाचे उत्पन्न वाढले आणि स्थलांतर कमी झाले. भांवता-कोल्याला गावाला मार्च २००० मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते ‘डाउन टू अर्थ–जोसेफ सी. जॉन’ पुरस्कार देण्यात आला. राजेंद्र सिंह यांना २००१ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार, तर २०१५ मध्ये स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला.

मर्यादा

जोहडांमुळे भूजलात भर पडत असली तरी नदीच्या प्रवाहातील काही पाणी वरच्या भागातच अडते, त्यामुळे वरच्या व खालच्या गावांच्या हितात संघर्ष संभवतो, असे जलशास्त्रीय अभ्यासकांनी दाखवले आहे. वाढलेल्या पाण्याबरोबर सिंचनाखालील क्षेत्र आणि पंपांचा वापर वाढला, तर मुरवलेले पाणी पुन्हा उपसले जाते. विहीर व जमीन असलेल्यांना पाण्याचा थेट लाभ होतो. भूमिहीनांचा लाभ मात्र मुख्यतः मजुरी, चराई व सामाईक जंगलावर अवलंबून राहतो. नियम मोडणाऱ्यावर संसदेला केवळ सामाजिक दबाव आणता येतो. त्यामुळे पाऊस कमी झालेल्या वर्षांत गावांनी हे नियम स्वेच्छेने पाळणे, यावरच तिची परिणामकारकता ठरते.