उलटणारा रोग आणि फेरतपासणीचा इतिहास

मुदतीचा ताप उतरला, रोग्याने पथ्य मोडले आणि चार दिवसांनी अंग पुन्हा तापले, की आपल्याकडे "ताप उलटला" असे म्हणतात. उलटलेला ताप कपाळावर हात ठेवताच कळतो. आज ज्या रोगाविषयी बोलावयाचे आहे तो उलटला तर बहुधा खुद्द रोग्यालाही पत्ता लागत नाही. घास नीट उतरतो, वजन घटत नाही, छातीतील जळजळ गोळ्यांनी थांबलेली असते. अन्ननलिकेच्या अस्तरात कर्करोगाच्या आधीची म्हणून जी अवस्था असते, ती उपचाराने नाहीशी केल्यावर पुन्हा आली किंवा कसे, हे ओळखण्याची विद्या कशी घडत गेली, एवढाच आमचा विषय आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. कामगार संघटनेचे कार्यकर्ते आहोत. या विषयाकडे आम्ही का वळलो ते ओघात येईलच.

नव्या मुंबईतला माणूस "टाटाला जायचे आहे" असे हळू आवाजात म्हणतो, तेव्हा ते परळ तरी असते नाही तर खारघर तरी. खारघरची संशोधन संस्था 2002 साली आपल्या बाजूला आली. पण तिचे मूळ परळलाच आहे. 28 फेब्रुवारी 1941 रोजी तेथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले, तेव्हा भोवताली गिरण्यांचे भोंगे वाजत होते. हिंदुस्थानात कर्करोग क्वचितच होतो, असा समज त्या काळी चांगल्या शिकलेल्या लोकांतही होता. रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची सूत्रे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाती आली, आणि कोणाला कोठला कर्करोग होतो याचा त्या माणसाच्या सवयींशी, तंबाखूशी, राहणीशी काय संबंध आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली आणि रुग्णाच्या तोंडून अशा दोन्ही वाटांनी ते शोधू लागले. 1952 साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले, त्याचे पहिले संचालकही तेच. 1966 मध्ये केंद्र व रुग्णालय एकत्र झाले. दरम्यान 1963 साली इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत कर्करोगाची नोंदवही सुरू केली. तिच्यामुळे रुग्णालयाच्या दारात आलेल्यांचीच नव्हे, तर सबंध शहराची मोजदाद होऊ लागली. गिरणगावातील बिडी-तंबाखू आणि घसा व अन्ननलिका यांचे नाते आकड्यांत दिसू लागले ते या खटपटींमुळे.

येथे एक भेद सांगणे जरूर आहे. तो न कळल्यामुळे आम्हीच वर्षभर गोंधळात होतो. अन्ननलिकेचे मूळचे अस्तर आपल्या गालाच्या आतल्या कातडीसारखे, चपट्या पेशींचे असते. बिडी, तंबाखू आणि दारू यांचा मारा या अस्तरावर होतो, आणि आपल्याकडचे अन्ननलिकेचे बहुतेक कर्करोग याच जातीचे. दुसरी वाट खालच्या टोकाची. जठरातील आम्ल वर्षानुवर्षे वर उसळत राहिले, की खालचे अस्तर हळूहळू पालटते आणि आतड्याच्या अस्तरासारखे रूप घेते. या पालटलेल्या अस्तराला लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील शस्त्रवैद्य नॉर्मन बॅरेट यांचे नाव आहे.

त्या नावाची कथा मोठी मौजेची आहे. 1950 साली बॅरेट यांनी या विषयावर निबंध लिहिला, त्यात त्यांचा निष्कर्षच उलटा होता. असे अस्तर असलेला भाग म्हणजे अन्ननलिका नव्हेच, ते वर ओढले गेलेले जठर होय, असे त्यांचे म्हणणे. 1953 मध्ये ॲलिसन आणि जॉनस्टोन या दोघांनी ही अन्ननलिकाच आहे, केवळ अस्तर पालटले आहे, असे दाखवून दिले. आणि तेथील व्रणांना मात्र बॅरेट यांचेच नाव दिले. 1957 साली बॅरेट यांनी आपले पहिले मत सोडून हे म्हणणे मान्य केले. चूक कबूल करणाऱ्याचे नाव रोगाला कायमचे चिकटावे, याला न्याय म्हणावे की अन्याय, हे आम्हांला ठरवता येत नाही.

त्याच 1953 साली शिकागोत स्लॉटर आणि त्यांचे सहकारी यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या 783 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाठीच्या भोवतालचे, वरवर धडधाकट दिसणारे अस्तरही बिघडलेले असते, असे त्यांना आढळले. त्यांनी याला जो शब्द योजला त्यात शेताची कल्पना आहे. सातारा-सांगलीकडून वाशीच्या बाजारात आलेल्या आमच्या माथाडी बांधवांना ही गोष्ट एका वाक्यात पटते: हरळी उपटली म्हणजे वावर साफ झाले असे नव्हे. पेर जमिनीत राहिले की ती फुटतेच. आणि ज्या वावरात ती एकदा माजली तेथे दुसऱ्या बांधालाही तिचा कोंब निघतो. रोग का उलटतो याचे निम्मे उत्तर या शेतातच आहे.

पण वावर पाहावयाचे कसे? 1868 साली जर्मनीत कुसमाउल यांनी तलवार गिळून दाखवणाऱ्या एका खेळ्याच्या घशातून सरळ नळी आत घातली. नळी गेली, परंतु उजेड पुरेना. उजेड वाकवून आत नेण्याची युक्ती पुढे शहाऐंशी वर्षांनी साधली. 1954 साली हॉपकिन्स आणि आपले पंजाबचे नरिंदर सिंग कपानी यांनी काचेच्या केसाएवढ्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवले. आणि 1957 साली अमेरिकेत हर्शोविट्झ यांनी अशा तंतूंची लवचिक दुर्बीण तयार करून प्रथम स्वतःच्याच घशात उतरवली. आज "दुर्बीण टाकून बघू" असे डॉक्टर सहज म्हणतात, त्यामागे एवढी वाटचाल आहे.

बिघडलेले अस्तर दिसू लागले, पण त्यावरचा उपाय दीर्घकाळ भयंकर होता: अन्ननलिकाच काढून टाकणे. पुढे औषध व प्रकाश यांच्या योगाने अस्तर जाळण्याची पद्धत आली. मग लहरींच्या उष्णतेने वरचा पातळ थर भाजून काढण्याची. या दुसऱ्या पद्धतीची 127 रुग्णांवरील चाचणी 2009 साली प्रसिद्ध झाली. अधिक बिघडलेल्या अस्तराच्या रुग्णांतही शंभरांपैकी सुमारे ऐंशी जणांचा तो बिघाड वर्षाच्या आत नाहीसा झाला होता. पोट न फाडता, इस्पितळात मुक्काम न करता! भाजलेल्या जागी मूळच्या जातीचे चपटे अस्तर पुन्हा भरून आले. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला असेल.

आणि येथेच खरी अडचण सुरू झाली. नवे अस्तर इतके गुळगुळीत येते की त्याखाली जुन्या ग्रंथींचा एखादा पुंजका गाडला गेला, तर दुर्बिणीला तो दिसत नाही, आणि वरवरचा तुकडा काढला तर त्यातही तो सापडत नाही. प्रकाशाच्या पद्धतीत असे पुंजके अधिक राहत, उष्णतेच्या पद्धतीत कमी. शिवाय आम्ल उसळणे थांबले नसेल तर मूळ कारण शाबूतच राहते. पुढील वर्षांत ठिकठिकाणचे हिशेब एकत्र केले तेव्हा दिसले की, संपूर्ण साफ झालेल्या दर शंभर जणांत वर्षाला सुमारे आठ ते दहा जणांचे अस्तर पुन्हा पालटते. त्या सर्वांना कर्करोग होतो असे मुळीच नव्हे. बहुतेकांचे पुन्हा भाजून निस्तरता येते. परंतु त्यासाठी ते वेळेत सापडले पाहिजे.

ते सापडते कोठे, हेही अनुभवाने कळले. पुष्कळ वेळा अन्ननलिका जठराला मिळते त्या सांध्यावर किंवा त्याच्या लगतच्या एक-दोन सेंटिमीटरांत. म्हणून फेरतपासणीत डॉक्टर आधी जागा स्वच्छ धुऊन, निळसर उजेडात, विस्तवाजवळच्या दुधाकडे पाहावे तशी नजर न हलवता पाहतात. संशयित जागेचा तुकडा घेतात. आणि संशय नसला तरी सांध्यातून व त्यावरच्या भागातून चारी दिशांनी ठरावीक अंतरावर तुकडे घेतात. काही दिसत नसताना तुकडे का, असे रोगी विचारतो. दिसत नाही म्हणूनच, हे त्याचे उत्तर. आपल्याकडच्या चपट्या पेशींच्या जातीत आयोडीनचा उपयोग होतो: निरोगी पेशींत साखरेचा साठा असल्याने त्या तपकिरी रंगतात आणि बिघडलेली जागा फिकी राहते. असे फिके ठिपके जेथे अनेक, तेथे आज एक काढला तरी उद्या दुसरा निघण्याचा धोका मोठा. तो दारू सोडल्याने कमी होतो, असे जपानी वैद्यांनी रुग्णांवर वर्षानुवर्षे पाळत ठेवून दाखवले आहे. दोऱ्याला बांधलेली, पोटात फुलणारी स्पंजाची गोळीही केंब्रिजमध्ये तयार झाली. पण उपचारानंतरच्या पाळतीत तिने दुर्बिणीची जागा घेतलेली नाही.

आता वेळापत्रक. बॅरेटचा बिघाड मोठा असेल, तर साफ झाल्यावर तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने, आणि मग दरसाल, असा अमेरिकन तज्ज्ञांचा 2022 चा सल्ला आहे. सौम्य असेल तर वर्षाने, तिसऱ्या वर्षी व मग दर दोन वर्षांनी. कागदावर हे किती सोपे! ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात आमचा एक सभासद होता. उपचार झाला, पहिल्या दोन तपासण्या झाल्या. तिसऱ्या वेळी उपाशीपोटी जाऊन भुलीच्या इंजेक्शनामुळे सबंध दिवस मोडणार म्हणून त्याने रजा मागितली. "तुला आता काय झाले आहे?" असे त्याला विचारण्यात आले. त्याला खरोखरच काही झाले नव्हते. आजारी माणसाला डॉक्टरांचा दाखला मिळतो. तपासणीला जाणारा धडधाकट माणूस दाखला कशाचा आणणार? 1948 च्या कामगार राज्य विमा कायद्याने आजारपणाचा पगार मिळवून दिला ही मोठीच गोष्ट झाली. पण त्याचा पाया प्रमाणित आजार हा होता. तो गेला नाही. पुढल्या वर्षीही गेला नाही. नंतर गेला तो घास अडकू लागल्यावर, आणि तेव्हा भाजण्याची वेळ टळून गेली होती.

पुढील कराराच्या मागणीपत्रात आम्ही एक कलम घातले: पूर्वी उपचार झालेल्या कामगाराला फेरतपासणीसाठी वर्षाला तीन दिवस भरपगारी रजा, आजाराच्या दाखल्याशिवाय, इस्पितळाच्या तारखेचे कार्ड दाखवून. बोलणी चार महिने चालली. दिवस दोनच मिळाले. कार्ड मात्र चालते.