मृगाचं साल

१९८७ च्या मे महिन्यात रमजान होता. आमचा उन्हाळी कांदा काढून शेतात वाळत पडला होता. सकाळपासून अंगाची नुसती काहिली होत होती. असरच्या नमाजाच्या सुमारास आभाळ भरून आलं, वावटळ सुटली आणि वळीव कोसळला. रोजा धरलेले अब्बा आणि शेजारचे तात्या ताडपत्री, पोती, घरातली सतरंजी, हाताला लागेल ते कांद्यावर टाकत धावत होते. अर्ध्या तासात सगळं आटोपलं. झाकलेला कांदा वाचला. उरलेला पुढच्या दिवसांत सडत गेला. कडब्याची गंजी वरून काळी पडली.

गंमत अशी, की दुसऱ्या दिवशी त्याच पावसावर तात्या खूश होते. त्यांच्या नांगरटीतली ढेकळं विरघळली होती, कुळवाला रान मऊ झालं होतं. वळीव असाच असतो. एकाच्या खळ्यावरचं नेतो आणि दुसऱ्याच्या रानाला देतो. त्याच्या भरवशावर पेरणी मात्र करायची नसते. पुढे मृग लांबला, तर उगवलेलं करपतं आणि दुबार पेरणी गळ्यात पडते.

त्या संध्याकाळी खजूर तोंडात टाकताना अब्बा म्हणाले, "रोजा चंद्रावर धरायचा, पेरणी मृगावर. गल्लत करायची नाही." मला ते शेतकऱ्याचं साधं शहाणपण वाटलं. पुढे बी.ए.ला इतिहास घेतला, तेव्हा उमगलं, की या वाक्यामागे सहा शतकांहून जुना हिशेब आहे.

हिजरी वर्ष चंद्राचं, सुमारे ३५४ दिवसांचं. ते सूर्याच्या वर्षापेक्षा ११ दिवसांनी लहान. म्हणजे सूर्याची ३३ वर्षं होतात, तेव्हा चंद्राची ३४ भरतात. इबादतीला यानं काही अडत नाही. रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो, त्यातही न्याय आहे. पण सारा द्यायचा तो पिकातून, आणि पीक येतं पावसावर. चंद्राच्या वर्षानं वसुली केली, तर ३३ सुगी पाहिलेल्या कुणब्यानं ३४ वर्षांचा सारा कुठून भरायचा?

यावर दख्खनेत तोड निघाली ती शुहूर सनाची. त्याची सुरुवात १३४४ ची धरतात. तेव्हा दिल्लीच्या तख्तावर महंमद तुघलक होता. हिजरीचा चालू आकडा, ७४५, तसाच ठेवला, पण पुढची वर्षं सूर्याची केली. सूर्य मृग नक्षत्रात गेला, की नवं वर्ष सुरू. म्हणून त्याला मृगसालही म्हणत. सुलतानांच्या आमदानीतला हा सन शिवकालात टिकला आणि पेशवे दफ्तरातही राहिला. पेशव्यांचा कारकून मोडी लिपीत वर्षाचा आकडा अरबी शब्दांत लिही. त्यात मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. शब्द अरबी, लिपी मोडी, आणि वर्षाचा पहिला दिवस मृगाचा. खरीप आणि रब्बी हे शब्दही अरबीतलेच. खरीप म्हणजे शरद, रब्बी म्हणजे वसंत. पीक हाती येण्याच्या ऋतूंवरून पडलेली ही नावं आहेत.

राजांनी शेतकऱ्यावर मेहेरबानी केली, असं मला म्हणायचं नाही. सारा वसूल व्हायचा, तर पीक उभं राहायला हवं, हे त्यांना कळलं होतं. पावसानं त्यांना आपलं पंचांग बदलायला लावलं, एवढं खरं.

वळीव मात्र कुठल्याच पंचांगात बसत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात आणि विदर्भात गारपिटीनं काढणीला आलेले गहू, हरभरा झोपवले. घेणेकऱ्याची तारीख आजही ठरलेली असते. आभाळाची तेव्हाही नव्हती.

२०२० साली रमजान पुन्हा एप्रिल-मेमध्ये आला. मी हिशेब केला. १९८७ चा रमजान हिजरी १४०७ चा होता, हा १४४१ चा. चंद्राची ३४ वर्षं झाली होती. आमच्या शेतानं कांद्याची ३३ च पिकं दिली होती. हे ऐकायला अब्बा नव्हते. असरच्या वेळी आभाळ दाटून आलं, तशी धाकट्या भावानं हाक दिली. मी पोथ्या बाजूला सारल्या आणि ताडपत्रीचं दुसरं टोक धरायला उठलो.