केंद्रकाच्या वेशीवरचे प्रथिन

क्योटो विद्यापीठात आदाची आणि यानागिदा यांनी १९८९ मध्ये यीस्टमधल्या सीआरएम१ या जनुकाचे वर्णन केले. त्यात बिघाड झाला, की थंडीत गुणसूत्रे विद्रूप होत. साहजिकच ते गुणसूत्रे सांभाळते, असा समज झाला.

खरे काम निराळेच निघाले, आणि ते उघड केले एका बुरशीनाशकाने! जपानमध्येच सापडलेले लेप्टोमायसिन बी दिले, की बाहेर पडणारी कितीतरी प्रथिने केंद्रकातच अडकत. १९९७ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी जवळपास एकाच वेळी दाखवून दिले, की सीआरएम१च हा माल पेशीद्रवात पोचवते. हजाराहून अधिक अमिनो आम्लांच्या मानवी प्रथिनात औषध चिकटते ते ५२८व्या सिस्टीनला.

त्याच सिस्टीनला धरणारे सेलिनेक्सॉर अमेरिकेत २०१९ मध्ये मल्टिपल मायलोमासाठी मंजूर झाले.