अक्षय समुद्राची मोजदाद : वॉल्टर गार्स्टँग यांचे मत्स्यसंशोधन

१८८३ साली लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय मत्स्यव्यवसाय प्रदर्शनाच्या प्रसंगी सुप्रसिद्ध जीवशास्त्रज्ञ टॉमस हेन्री हक्स्ली यांनी जे भाषण केले, त्यातील एक विधान पुढे वारंवार उद्धृत झाले. कॉड, हेरिंग, मॅकरेल यांसारख्या माशांचे सागरी साठे बहुधा अक्षय असून माणसाच्या मासेमारीने त्यांच्या संख्येत लक्षणीय फरक पडत नाही, असा त्या विधानाचा आशय होता. हे मत मांडताना हक्स्लींनी स्वतःला दोन मर्यादा घालून घेतल्या होत्या. एक तर विधान ‘बहुधा’ या कोटीतील होते. शिवाय ते तत्कालीन मासेमारीच्या पद्धतींपुरतेच केलेले होते. नदीतील सॅमन आणि किनाऱ्यालगतची कालवे माणसाच्या हातून नष्ट होऊ शकतात, हेही त्यांनी मान्य केले होते. परंतु एखादे विधान एका मुखातून दुसऱ्या मुखात जाऊ लागले म्हणजे त्यातील क्रियाविशेषणे व अटी प्रथम गळून पडतात. हक्स्लींच्या विधानाचेही तसेच झाले. मागे उरले ते ‘अक्षय’ हे विशेषण. मत्स्यव्यवसायावर निर्बंध नकोत असे म्हणणाऱ्यांना त्याचा मोठाच आधार मिळाला. हे विशेषण शास्त्राच्या परिभाषेतून काढून टाकण्याचे श्रेय ज्यांना मुख्यतः द्यावे लागते, ते वॉल्टर गार्स्टँग होत.

वादाचे मूळ याहून जुने होते. समुद्राचा तळ खरवडत ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यांमुळे मासे कमी होत आहेत, अशी तक्रार गळाने मासे धरणारे कोळी कितीतरी वर्षे करीत होते. १८६३ साली नेमलेल्या राजकीय आयोगापुढे ही गाऱ्हाणी मांडली गेली. तीन सदस्यांच्या या आयोगात हक्स्लीही होते. साक्षी परस्परविरोधी होत्या, प्रत्येक साक्षीदाराचा स्वार्थ त्यात गुंतलेला होता, आणि एकंदर किती मासे बंदरात येतात याची नोंद कोणाजवळच नव्हती. अशा स्थितीत आयोगाने १८६६ च्या अहवालात समुद्रातील मासेमारीवरचे निर्बंध उठवण्याची शिफारस केली. तिच्याबद्दल आयोगाला मूर्ख ठरवणे न्यायाचे होणार नाही. कोळ्याचे म्हणणे आणि व्यापाऱ्याचे म्हणणे तोलून पाहण्यास तराजूच नव्हता. मात्र तराजू नाही म्हणून वजनही नाही, असा जो अर्थ त्यातून पुढे काढला गेला, तो तर्काला धरून नव्हता.

गार्स्टँग यांचा जन्म १८६८ साली लँकेशायरमधील ब्लॅकबर्न येथे एका वैद्याच्या घरी झाला. ऑक्सफर्ड येथे त्यांचे शिक्षण झाले. १८८८ साली सागरी जीवशास्त्र मंडळाची प्लिमथ येथील प्रयोगशाळा उघडली, आणि त्यानंतर लवकरच ते तेथे काम करू लागले. या मंडळाचे पहिले अध्यक्ष हक्स्लीच होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मधल्या काळात मँचेस्टर व ऑक्सफर्ड येथे काम करून १८९७ साली गार्स्टँग प्लिमथला परतले, ते मत्स्यविषयक संशोधनाची जबाबदारी घेऊन.

तोपर्यंत दोन गोष्टी बदलल्या होत्या. पहिली, हक्स्लींनी गृहीत धरलेल्या मासेमारीच्या पद्धती मागे पडल्या होत्या. १८८१ पासून ग्रिम्स्बी बंदरातून खास ट्रॉलिंगसाठी बांधलेल्या वाफेच्या नौका निघू लागल्या. १८९५ च्या सुमारास पाण्याच्या दाबाने दोन फळ्या दूर सारून तोंड उघडे ठेवणारे नवे जाळे आले, आणि जुन्या लाकडी दांड्याच्या जाळ्याची सद्दी संपत चालली. दुसरी गोष्ट अशी की, १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून इंग्लंडच्या बंदरांत उतरणाऱ्या माशांची वार्षिक आकडेवारी सरकारी रीतीने नोंदवली जाऊ लागली होती. तराजू आता उपलब्ध होता. तो वापरावयाचा कसा, एवढेच ठरावयाचे होते.

वरवर पाहता आकडे दिलासा देणारेच होते. १८८९ ते १८९८ या दहा वर्षांत तळाच्या माशांची आवक घटली नव्हती, उलट सुमारे तीस टक्क्यांनी वाढली होती. अक्षयवादी नेमके हेच दाखवीत. गार्स्टँग यांनी विचारलेला प्रश्न वेगळा होता : ही आवक किती श्रमाने मिळाली? शिडाची नौका आणि वाफेची नौका यांची नुसती संख्या मिळवून या प्रश्नाचे उत्तर मिळणे शक्य नव्हते, कारण दोहोंची शक्ती सारखी नव्हती. म्हणून त्यांनी ‘स्मॅक’ या नावाने ओळखली जाणारी शिडाची मोठी ट्रॉलनौका हे एकक मानले. वाफेची नौका आरंभी अशा चार स्मॅकांच्या बरोबरीची धरली, आणि नव्या जाळ्यानंतर हे प्रमाण आणखी वाढवले. या हिशेबाने संपूर्ण ताफ्याची मासे धरण्याची शक्ती त्या दहा वर्षांत जवळजवळ तिपटीवर गेली होती. शक्ती तिप्पट आणि आवक मात्र सव्वापटीहून किंचित अधिक. म्हणजे प्रत्येक एककाच्या वाट्याला येणारा मासा जवळजवळ निम्म्यावर आला होता. शिवाय नौका आता अधिक दूरच्या पाण्यात जात होत्या, आणि तेथून आणलेला मासा जवळच्या समुद्राचे दारिद्र्य झाकीत होता.

१९०० साली मंडळाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या निबंधाच्या शीर्षकातच समुद्राच्या दारिद्र्याचा उच्चार होता. तळावरील मासे क्षयशील आहेत, इतकेच म्हणून लेखक थांबले नाहीत. तो क्षय वेगाने व अखंड चालू आहे, आणि माशांच्या वाढीच्या गतीला त्यांना धरण्याची गती मागे टाकीत आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच्या आदल्याच वर्षी सेंट अँड्र्यूज येथील प्राध्यापक विल्यम मॅकिंटॉश यांनी सागरी संपत्तीवर एक ग्रंथ प्रसिद्ध करून नेमके उलट प्रतिपादन केले होते. स्कॉटलंडमधील काही आखाते ट्रॉलिंगला बंद ठेवून तेथे दहा वर्षे केलेल्या चाचण्यांवर त्यांची भिस्त होती. बंदीनंतरही मासे वाढले नाहीत, यावरून ट्रॉलिंगने ते घटलेही नव्हते, असे ते मानीत. आखातातला मासा आखातातच राहत नाही, बाहेरच्या खुल्या समुद्रात तो पकडला जातो, हा मुद्दा या युक्तिवादात पुरेसा हिशेबात धरलेला नव्हता. मॅकिंटॉश हे काही सामान्य शास्त्रज्ञ नव्हते. किंबहुना सागरी माशांची अंडी व पिले यांविषयीचे त्यांचे ज्ञान त्या काळी अपूर्व होते. परंतु एका माशाच्या लक्षावधी अंड्यांकडे पाहणाऱ्या दृष्टीला समुद्र संपेल हे पटणे बहुधा कठीण जात असावे.

१९०२ साली सागरी संशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद कोपनहेगन येथे स्थापन झाली. तिच्या कार्यक्रमातील ब्रिटनचा वाटा उचलण्यासाठी लोस्टॉफ्ट येथे प्रयोगशाळा निघाली, आणि तिचे प्रमुखपद गार्स्टँग यांच्याकडे आले. संशोधनासाठी त्यांना मिळालेल्या वाफेच्या ट्रॉलनौकेचे नाव होते ‘हक्स्ली’. अक्षयतेच्या सिद्धांताचे खंडन त्या सिद्धांताच्या कर्त्याचेच नाव धारण करणाऱ्या नौकेवरून पुढे चालले. येथे त्यांनी मुख्यतः प्लेस या माशाचा अभ्यास केला. आपल्या किनाऱ्यावरील लेपासारखा हा चपटा मासा होय. खुणेच्या चकत्या लावून प्लेस समुद्रात सोडावयाचे आणि पुन्हा कोठे, केव्हा सापडतात ते नोंदवावयाचे, हे एक काम होते. दुसरे अधिक धाडसाचे होते. किनाऱ्यालगतच्या दाटीत खुरटलेली पिले उचलून त्यांनी ती उत्तर समुद्राच्या मध्यावरील डॉगर बँक या उथळ, अन्नसमृद्ध भागात नेऊन सोडली. तेथे ती मूळ ठिकाणच्या पिलांपेक्षा कितीतरी वेगाने वाढली. माणसाने केलेली हानी माणसाच्या हातूनच काही अंशी भरून निघावी, हा हेतू त्यामागे होता. प्रयोग यशस्वी झाला. मोठ्या प्रमाणावर व्यवहारात तो उतरला नाही, कारण एका देशाने नेऊन सोडलेला मासा दुसऱ्या देशाच्या जाळ्यात जाणार, हे उघड होते.

१९०७ मध्ये गार्स्टँग लीड्स येथे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९३३ पर्यंत तेथे राहिले. या काळातील त्यांचे लक्ष डिंभावस्थांकडे वळले होते. १९२२ साली त्यांनी हेकेलच्या पुनरावर्तन-सिद्धांतावर केलेली टीका आणि त्यांच्या निधनानंतर १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेली डिंभांवरील पद्ये, यांमुळेच प्राणिशास्त्राचे विद्यार्थी त्यांना ओळखतात. मत्स्यसंशोधक गार्स्टँग त्या मानाने झाकोळले गेले.

तथापि त्यांच्या निष्कर्षाची परीक्षा व्हावयाची ती झालीच. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात ट्रॉलनौका सुरुंग काढण्याच्या कामाला जुंपल्या गेल्या आणि उत्तर समुद्रातील मासेमारी पुष्कळ अंशी थांबली. युद्ध संपल्यावर प्रथम जे मासे हाती आले, ते संख्येने व आकाराने मोठे होते; काही वर्षांतच ही समृद्धी ओसरली. दुसऱ्या महायुद्धानंतर हाच अनुभव पुन्हा आला.

पुढे २०१० मध्ये यॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८८९ ते २००७ या ११८ वर्षांची ब्रिटिश आकडेवारी एकत्र केली. बहुतांशी शिडांवर चालणाऱ्या १८८९ च्या ताफ्याने या कालखंडाच्या अखेरच्या यांत्रिक ताफ्यापेक्षा दुपटीच्या आसपास मासे आणले होते, असे त्यांना आढळले. मासेमारीच्या प्रत्येक एकक शक्तीमागे मिळणारा मासा ९४ टक्क्यांनी घटला होता. अर्थात १८८९ चा समुद्रही अस्पर्शित नव्हता. त्यापूर्वी अनेक दशके ट्रॉलिंग चालूच होते. आधुनिक डिझेल-नौकांची शक्ती मोजण्यासाठी या संशोधकांनी जे एकक घेतले, ते शिडाच्या त्या जुन्या स्मॅकचेच होते.