अडकलेली डोलकाठी

विंडसर्फिंगचा इतिहास सांगणारे बहुधा पेटंटापाशीच घोटाळतात. श्वाइत्झर व ड्रेक यांचा अमेरिकी अर्ज १९६८चा. त्यांचे ब्रिटिश पेटंट मात्र इंग्लंडच्या अपील न्यायालयाने अवैध ठरविले. पुराव्यांत एक होती पीटर चिल्व्हर्सने १९५८ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, हेलिंग बेटावर स्वहस्ते बनविलेली फळी!

ही घरगुती कारागिरी आम्हांला आजही दिसते ती दोन तुकड्यांच्या डोलकाठीपाशी. सांध्यात वाळू व मीठ शिरले की तुकडे सुटत नाहीत; पान्याने आवळावे, तर कार्बनची पोकळ नळी चिरडण्याचे भय. मग दोन्ही तुकड्यांवर परस्परविरुद्ध दिशांनी दोरीचे घट्ट वेढे, त्यांत अडकविलेली दांडकी, आणि ओढ नव्हे, पीळ. अर्थात, आधी सांध्यावर गोडे पाणी ओतलेले बरे.