सततचा ताण, मेंदूतील जनुके आणि नैराश्य

वस्तीत काम करताना एखाद्या तरुणाला नैराश्य आल्याचे सांगितले की दोन उत्तरे हमखास ऐकू येतात. एक, "मन खंबीर ठेव, होईल सगळे ठीक." दुसरे, "त्यांच्या घराण्यातच आहे ते." पहिल्या उत्तरात दोष स्वभावाला लागतो, दुसऱ्यात रक्ताला. गेल्या वीसेक वर्षांतील मेंदूविषयक संशोधन या दोन्ही उत्तरांना धक्का देते. म्हणून ते आपण समजून घेतले पाहिजे.

जनुक असणे आणि जनुक चालू असणे

आपल्या बहुतेक पेशींत तोच डीएनए असतो. तरी मेंदूची पेशी वेगळी आणि त्वचेची वेगळी, कारण प्रत्येकीत वेगवेगळी जनुके चालू असतात. रिळावर दोरा गुंडाळावा तसा डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. गुंडाळी घट्ट झाली की तिथले जनुक वाचले जात नाही, सैल झाली की वाचले जाते. डीएनएवर मिथाइल गट चिकटला तरी जनुक बहुधा मंदावते. मूळ मजकूर तोच राहतो, फक्त कोणते पान उघडे आणि कोणते बंद हे बदलते. या अभ्यासाला एपिजेनेटिक्स म्हणतात.

ताण काय करतो?

संकटात शरीर कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडते. स्मृतीशी संबंधित असलेला मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग ते ओळखतो आणि 'आता पुरे' असा इशारा देतो. ताण महिनोन्‌महिने टिकला तर हा ब्रेक सैल होऊ शकतो.

कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि मोशे स्झिफ यांच्या गटाने 2004 मध्ये उंदरांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या पिल्लांना आईने कमी चाटले, त्यांच्या कॉर्टिसॉल ओळखणाऱ्या जनुकावर मिथाइल खुणा जास्त आढळल्या. ही पिल्ले जास्त माया करणाऱ्या आईकडे वाढवली, तेव्हा खुणा त्या आईच्या पिल्लांसारख्या झाल्या. म्हणजे खूण जन्माची नव्हती, वागणुकीची होती.

2006 मध्ये एरिक नेसलर यांच्या गटाने छोट्या उंदरांना सलग 10 दिवस आक्रमक, मोठ्या उंदरांसमोर सोडले. हरलेले उंदीर इतरांना टाळू लागले. त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये मज्जापेशींना पोसणारे बीडीएनएफ हे जनुक मंदावले आणि महिन्यानंतरही तसेच होते. इमिप्रामिन हे नैराश्यावरील औषध दीर्घकाळ दिल्यावर जनुक पुन्हा चालू झाले. पण ताणाने उमटवलेली खूण पुसली गेली नाही, औषधाने दुसऱ्या वाटेने गुंडाळी सैल केली. अशा प्रयोगांत काही उंदीर मात्र तग धरून राहतात.

माणसांबाबत 2009 मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी 36 मृत व्यक्तींच्या मेंदूंची तपासणी केली. आत्महत्या केलेल्यांपैकी ज्यांचा बालपणी छळ झाला होता, त्यांच्यात कॉर्टिसॉल ओळखणाऱ्या जनुकावर मिथाइल खुणा अधिक होत्या. छळ न झालेल्यांत तसे दिसले नाही.

मर्यादाही ध्यानात ठेवू

उंदीर म्हणजे माणूस नव्हे आणि 36 ही संख्या लहान आहे. नैराश्याचे एकच एक जनुक नाही. रक्ततपासणीने 'तुला नैराश्य आहे' असे ठरवता येत नाही.

आपल्यासाठी याचा अर्थ

जन्मावरून माणसाची जागा ठरवणाऱ्या समाजात 'जनुक' हा शब्द 'जन्मजात' असाच ऐकला जातो. त्यामुळे "तुमच्या लोकांची जनुकेच बिघडली" असे कोणी म्हणाले, तर आम्ही स्पष्ट सांगतो की हे संशोधन तसे म्हणत नाही. ते परिस्थितीकडे बोट दाखवते. रोजचा अपमान, कर्ज, वसतिगृहातले एकटेपण हे सगळे ताणच आहेत. म्हणून उपचार आणि अन्यायाविरुद्धचे काम यांत निवड करायची नसते, दोन्ही लागतात.

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप-भूक बिघडणे, कशातच रस न वाटणे, मरणाचे विचार असे दिसले तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. टेली मानसच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते. 2017 चा मानसिक आरोग्य कायदाही आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरतो. कार्यकर्त्यांनीही आपल्या सहकाऱ्याला उपदेश करण्याआधी हेच गृहीत धरावे आणि त्याच्यासोबत दवाखान्यापर्यंत जावे.