नळ, मोरी आणि परवाना

मुंबईच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास बहुधा तलावांच्या नावांनी सांगितला जातो : विहार १८६०, तुळशी १८७९, तानसा १८९२. तलाव आणि घरातील तोटी यांच्यामधील काम कोणी करावे, हा प्रश्न मात्र उपेक्षितच राहतो.

१८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने त्याचे उत्तर दिले. नळाचे व मोरीचे काम परवानाधारक प्लंबरानेच करावे, मालकानेही ते इतरांकडून करवून घेऊ नये. काम किरकोळ असल्यास आयुक्ताच्या लेखी अनुमतीने ही अट शिथिल व्हावी. मजुरीचे दर ठरविण्याचा अधिकारही आयुक्तासच होता. ही कडक व्यवस्था अकारण नव्हती. पुरवठा खंडित होऊन नळातील दाब उतरला की सदोष सांध्यातून बाहेरची घाण आत ओढली जाते. एका घरातील हलगर्जीपणा मग साऱ्या आळीला बाधतो.

‘प्लंबर’ हा शब्द शिसे या अर्थाच्या लॅटिन ‘प्लंबम’पासून आलेला, म्हणजे मुळात शिशाचे काम करणारा. मराठीने ‘नळ’ आपला ठेवला, कारागिराचे नाव तेवढे परके घेतले. त्याच अधिनियमात दुसरा एक शब्द आहे : ‘हलालखोर’, अर्थात धर्मसंमत अन्न खाणारा. मैला वाहणाऱ्याच्या या नावाने कर बसविण्यात आला. परंतु त्याच्या बाबतीत कौशल्याच्या कसोटीचा वा परवान्याचा प्रश्नच उद्भवला नाही, कारण त्याचे काम जन्मानेच ठरत असे. संरक्षक साधनांविना गटारात माणूस उतरविण्यास २०१३ च्या केंद्रीय कायद्याने मनाई केली. त्यानंतरही असे मृत्यू घडले आहेत.